फिलाडेल्फियातील तीन वर्षे

एखाद्या व्यक्तीची ओळख करून देताना आपण तिचे नाव कोणाच्या नावाला जोडतो, यावरून ती व्यक्ती आपल्याला कितपत कळली आहे हे ताडता येते. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर जे ग्रंथ झाले त्यांची शीर्षकेच पाहावीत. कॅरोलिन हीली डॉल या अमेरिकन विदुषीने १८८८ साली बॉस्टन येथे त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच 'पंडिता रमाबाईंची आप्त' अशी त्यांची ओळख करून दिलेली आहे. पुढे ऐंशी वर्षांनी, १९६८ साली, श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली. तिचे नाव 'आनंदी गोपाळ'. तेच नाव २०१९ साली समीर विद्वांस यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटानेही घेतले. अमेरिकन वाचकासाठी आनंदीबाई कोणाच्या तरी आप्त, मराठी वाचकासाठी कोणाच्या तरी पत्नी. मग १८८३ च्या शरद ऋतूपासून १८८६ च्या मार्चपर्यंत फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जी मुलगी शिकत होती, तिची आणि आपली गाठ कोठे पडते?

हा प्रश्न आम्ही केवळ वाङ्मयीन कुतूहलापोटी विचारीत नाही. आमच्या धर्मग्रामांतून आज अनेक मुलेमुली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जातात. ती गेली की घरच्यांना दोनच दिवस ठाऊक असतात. एक विमानतळावरील निरोपाचा आणि दुसरा पदवीदानाचा, झगा व टोपी घातलेल्या छायाचित्राचा. मधले दिवस त्या मुलांचे एकट्याचे असतात. आनंदीबाईंच्या बाबतीत मराठी साहित्याने नेमके हेच केले आहे, असे आम्हांस वाटते. निरोप रंगवला, मरण रंगवले. मधली तीन वर्षे मात्र विद्यार्थिनीकडेच राहून गेली.

आनंदीबाईंचा जीवनक्रम बहुतेक वाचकांना परिचित असल्याने तो येथे थोडक्यात सांगतो. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या टपाल खात्यातील बिजवराशी विवाह; वयात सुमारे वीस वर्षांचे अंतर. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा प्रवास. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून एकटीने अमेरिकेस प्रयाण. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम. डी. पदवी, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्षयाने पोखरलेल्या देहानिशी मुंबई बंदरात आगमन, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. (जाता जाता एक योगायोग. बाबा पदमनजींनी १८५७ साली लिहिलेल्या, मराठीतील पहिल्या कादंबरीच्या नायिकेचे नावही यमुनाच.)

आता 'आनंदी गोपाळ'कडे वळू. या कादंबरीचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. आनंदीबाईंचे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते चरित्रांमुळे नव्हे, या कादंबरीमुळे. तिचे नाट्यरूपांतर झाले, इंग्रजी भाषांतर झाले, पिढ्यान्‌पिढ्या ती वाचनालयांतून फिरत राहिली. श्री. ज. जोशी यांना त्या काळाचे घर, स्वयंपाकघर, सोवळे-ओवळे आणि गावाची जीभ यांची नेमकी जाण होती. पुढे 'रघुनाथाची बखर'मध्ये र. धों. कर्व्यांसारख्या एकाकी हट्टी पुरुषाचे चित्र काढणाऱ्या या लेखकाला अशा माणसांचे मोठे आकर्षण असावे. गोपाळराव हे पात्र म्हणूनच त्यांच्या हाती विलक्षण उतरले आहे. बायकोने स्वयंपाक केला म्हणून नव्हे, तर अभ्यास सोडून स्वयंपाक केला म्हणून तिच्यावर हात टाकणारा नवरा! तर्हेवाईक, संतापी, उदार, क्रूर, स्वतःच्याच मतांशी भांडणारा असा हा माणूस पानावर आला की दुसऱ्या कोणाला जागा उरत नाही.

आणि तेथेच कादंबरीची अडचण सुरू होते. अशा माणसाच्या सावलीत वाढणारी मुलगी जोवर सावलीत आहे, तोवर कादंबरी सुरेख चालते. कारण तिच्यावर काय बीतते हे गोपाळरावांच्या वागण्यातून दाखवता येते. परंतु ती बोटीवर चढली की सावली मागे राहते. आता तिला स्वतःच्या पायांवर चालताना दाखवायचे, तर तिचे मन आतून उजळावे लागते. कादंबरीकाराचे लक्ष मात्र पुन्हा पुन्हा मागे राहिलेल्या माणसाकडे जाते. शीर्षकातील दोन नावांपैकी पहिले तिचे असले, तरी कथेचे इंजिन दुसऱ्या नावात आहे. चित्रपटानेही तोच तोल राखला. ललित प्रभाकर यांचा गोपाळ आणि भाग्यश्री मिलिंद यांची आनंदी दोन्ही भूमिका मनापासून झालेल्या आहेत. पण अमेरिका येईतो चित्रपटाचा मोठा भाग सरलेला असतो आणि जी येते ती बर्फ, आजार आणि पदवीदान एवढीच येते. वर्गात बसलेली, टिपणे काढणारी, परीक्षेला भिणारी मुलगी तेथे क्षणभरच दिसते.

'स्मृतिचित्रे' वाचलेल्या वाचकांना आमचे म्हणणे चटकन उमगेल. रेव्हरंड टिळकांचा विक्षिप्तपणा गोपाळरावांच्या विक्षिप्तपणापेक्षा फार कमी होता असे नाही. न सांगता घर सोडणे, हातचे पैसे वाटून टाकणे, बायकोला विश्वासात न घेता १८९५ साली धर्म बदलणे, हे सारे लक्ष्मीबाईंनी सोसले. तरीही ते पुस्तक मिटताना आपल्या मनात टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई भरून राहतात. का? लेखणी त्यांच्या हातात होती. टिळक केवढेही मोठे होऊन समोर आले तरी त्यांच्याकडे पाहणारे डोळे लक्ष्मीबाईंचे आहेत. हसायचे केव्हा आणि रडायचे केव्हा हे त्याच ठरवतात. आनंदीबाईंना आत्मचरित्र लिहिण्याइतके आयुष्य मिळाले नाही. पण त्यांनी पत्रे लिहिली. गोपाळरावांना मराठीतून आणि न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटरबाईंना इंग्रजीतून. लेखणी त्यांच्याही हातात होती. ती आपण वाचली नाही, एवढेच.

त्या पत्रांतून आणि त्यांवर आधारलेल्या चरित्रांतून जी विद्यार्थिनी दिसते, ती कशी आहे?

प्रथम तिचे शरीर दिसते. परदेशात शिकणे हे बुद्धीचे काम आहे असे घरी बसलेल्यांना वाटते. जो जातो त्याला ते आधी शरीराचे काम असल्याचे कळते. फिलाडेल्फियात राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडी धड नव्हती; पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. शाकाहार सोडावयाचा नाही हा निश्चय होता आणि तेथल्या पानात शाकाहारी माणसासाठी फारसे काही नसे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, थंडीही वाजते आणि तेथल्या लोकांना ते अशोभनीयही वाटते. म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसावी असे त्यांनी ठरवले आणि त्यासाठी हजारो मैलांवरील नवऱ्याला पत्रातून समजावीत बसण्याची पाळी आली. साडी कशी नेसावी याचा निर्णयही समुद्र ओलांडून जाणाऱ्या टपालावर अवलंबून! पत्र जायला आठवडे, उत्तर यायला आठवडे. तोवर थंडी थोडीच थांबते? पुढे घटसर्प झाला, तब्येत ढासळत गेली. हे तपशील किरकोळ वाटतात म्हणून चरित्रकार ते पटकन ओलांडतात. आम्हांस मात्र वाटते, की ज्या क्षयाने त्यांचा बळी घेतला त्याची कथा याच किरकोळ तपशिलांत लिहिलेली आहे.

मग तिचे शिक्षण दिसते. हे महाविद्यालय १८५० साली केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी स्थापन झाले होते आणि रेचल बॉडली या रसायनशास्त्रज्ञ विदुषी त्या वेळी त्याच्या प्रमुख होत्या. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी बॉडलींना जे पत्र लिहिले ते एखाद्या अनुभवी वकिलाने लिहावे असे आहे. माझ्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, आप्तांचा आणि जातीचा विरोध मोडून मी येथवर आले, हा निर्धारच माझी पात्रता समजावा, असा त्याचा आशय. वय अठरा! जिच्या बालपणी शिवाशिवीचे नियम घरात क्षणोक्षणी पाळले जात होते, अशा मुलीला शरीरशास्त्राच्या अभ्यासक्रमात मृतदेहाला हात लावावा लागला. तो पहिला दिवस कसा गेला असेल? कल्पनाशक्तीला याहून मोठे आव्हान कोणते असू शकते? ज्या लेखकाला सोवळ्याचा इतका सूक्ष्म अनुभव शब्दांत पकडता आला, त्याने या एका दिवसावर पन्नास पाने लिहिली असती तरी आम्ही ती आनंदाने वाचली असती.

पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र या विषयावरचा आहे. त्यात संस्कृत वैद्यकग्रंथांचे आधार आहेत, तसेच अमेरिकन पाठ्यपुस्तकांचेही. मराठी चरित्रलेखनात या प्रबंधाचा उल्लेख बहुधा पदवीच्या वार्तेला जोडून एका ओळीत येतो. पण विसाव्या वर्षी मातृत्व हरवलेल्या मुलीने नव्हे, चौदाव्या वर्षी ते हरवलेल्या मुलीने पुढे प्रसूतीवरच प्रबंध लिहावा, याचा अर्थ कोणी लावावयाचा?

१० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसहून आलेल्या साबात इस्लामबुली, अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या आहेत. पाहणाऱ्याला ते चित्र मोहक वाटते. आम्ही मात्र ते पाहताना थोडे अस्वस्थ होतो. रोजच्या वर्गात त्या अशा नटून बसत असतील काय? परक्या देशातील विद्यार्थ्याला वर्गात विद्यार्थी असावे लागते आणि समारंभात आपल्या देशाचा नमुना व्हावे लागते. दोन्ही कामे तो एकाच देहाने करतो.

या नमुना होण्याची किंमत आनंदीबाईंच्या एका भाषणात दिसते आणि तेथे आम्ही वाचकांना थोडे थांबावयास सांगू. अमेरिकेतील श्रोत्यांपुढे बालविवाहाच्या विषयावर बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. ऐकणाऱ्यांची अपेक्षा उघड होती. पौर्वात्य रूढीची बळी ठरलेली मुलगी त्या रूढीचा धिक्कार करील. त्यांनी उलट आपल्या समाजाच्या चालीची बाजू घेतली. श्रोते चकित झाले. आजच्या काही अभ्यासकांनाही हे भाषण अडचणीचे वाटते. सुधारकांच्या यादीत बसवलेली ही स्त्री अशी कशी बोलली, असे ते विचारतात.

आम्हांस ते मुळीच अडचणीचे वाटत नाही. परक्याच्या घरी, परक्यांच्या दयेच्या नजरेपुढे उभे राहून आपल्या आईला नावे कोण ठेवील? ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी त्यांना एकदा विचारून पाहावे. घरी असताना देशाला दिवसरात्र शिव्या देणारा मुलगा तेथे कोणी भारताबद्दल वेडेवाकडे बोलले की कसा उसळतो! तो खोटे बोलत नसतो. त्याला ते भांडण परक्यांसमोर करावयाचे नसते.

कारण तेच भांडण आनंदीबाईंनी घरच्या माणसाशी केले होते. त्याच अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या संसाराचा हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, पुढे अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्यांनी वयानुसार नोंदवले आहे. तुमचे वागणे चांगले होते की वाईट हे ठरवणे कठीण, असे त्या म्हणतात. पुढे जे साध्य झाले त्याकडे पाहता ते योग्य, आणि कोवळ्या मनावर झालेल्या परिणामाकडे पाहता ते अयोग्य. हिंदू स्त्रीला पतीपुढे ब्र काढण्याचा हक्क नाही, याचीही आठवण त्या करून देतात.

या पत्रातील शांतपणा पाहावा. रडणे नाही, शाप नाही. क्षमेचे मोठे शब्दही नाहीत. वैद्याने रोग्याची लक्षणे एकाखाली एक लिहावीत तसे ते लिहिले आहे. आमच्या मते अमेरिकेने आनंदीबाईंना जे दिले त्यात पदवीच्या खालोखाल हे पत्र येते, कदाचित पदवीच्याही वर. कल्याणात, कोल्हापुरात वा कलकत्त्यात हे पत्र लिहिले जाणे शक्यच नव्हते. त्यासाठी दोघांमध्ये समुद्र हवा होता, खोलीला आतून लावता येणारी कडी हवी होती आणि दिवसभर कार्यकारणभाव शिकवणारे महाविद्यालय हवे होते. मार 'आनंदी गोपाळ'मुळे सर्वांना ठाऊक झाला. पण मार खाणारीने पुढे त्या मारावर दिलेला निकाल सर्वांना ठाऊक नाही. कादंबरी आणि चित्रपट यांच्याविषयी आमची मुख्य तक्रार हीच आहे. मार हे गोपाळरावांचे कृत्य आहे आणि निकाल हे आनंदीबाईंचे.

आता एक बाब आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या कथेत ख्रिस्ती माणसे पदोपदी भेटतात आणि ती सारीच आपल्याला अभिमान वाटावा अशी नाहीत. १८७८ च्या सुमारास कोल्हापुरातून गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. तो पत्रव्यवहार रॉयल वाइल्डर यांनी अमेरिकेतील आपल्या मिशनरी नियतकालिकात छापला. सोबत मदत नाकारणारा अभिप्रायही जोडला. ख्रिस्ती होण्याची तयारी असती तर गोष्ट वेगळी होती, असा एकूण सूर. पुढे बोटीवरही सोबतच्या मिशनरी बाईंच्या धर्मविषयक आग्रहाने आनंदीबाई त्रासल्या होत्या. मराठी वाचकांच्या मनात या कथेतील 'मिशनरी' म्हणून जो ठसा उरतो तो हा.

पण तोच अंक न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एका गृहिणीने दंतवैद्याकडे आपला क्रमांक येण्याची वाट पाहताना चाळला. तिने ते पत्र वाचले आणि कोल्हापूरच्या त्या अनोळखी मुलीला स्वतः पत्र लिहिले. अट नाही, चौकशी नाही. पुढे वर्षानुवर्षे पत्रे चालली. आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या थेट कार्पेंटर कुटुंबाच्या घरी आणि या बाईंना त्या 'मावशी' म्हणू लागल्या. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या कॉलेजातील सभेत आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले होते. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ साली उभारलेल्या संस्थेच्या सभागृहात हे शब्द उच्चारले गेले, हेही लक्षात ठेवण्याजोगे. कार्पेंटरबाईंच्या घरात तो शब्द मोडण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

एकच नियतकालिक, एकच पत्र. वाचणारे दोघेही ख्रिस्ती. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय दोघांनाही पाठ असणार. परक्याला घरात घेण्यापूर्वी त्याचा धर्म विचारावा, असे त्या अध्यायात कोठे म्हटले आहे? आम्हां कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस मिळाला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, हे त्यात स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. रोझेलच्या या गृहिणीने त्यापूर्वी ऐंशी वर्षे ते आपल्या स्वयंपाकघरात आचरले. ती आपल्या पंथाची नव्हती, याने काय बिघडते? आनंदीबाईंच्या निधनानंतर त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडेच धाडण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ठेवण्यात आल्या. एका ब्राह्मण स्त्रीच्या अस्थी एका ख्रिस्ती घराण्याच्या दफनभूमीत! या घटनेवर मराठीत एखादी चांगली कथासुद्धा असू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

चरित्रांविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. डॉलबाईंचे चरित्र मायेने लिहिलेले आहे. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि हक्कांसाठी झगडलेल्या त्या लेखिका. १८६७ चा त्यांचा 'कॉलेज, मार्केट अँड कोर्ट' हा ग्रंथ गाजलेला होता. त्यांनी इंग्रजी पत्रांचा मोठा आधार घेतला म्हणून ती पत्रे आपल्यापर्यंत आली. पण लेखिकेची नजर अमेरिकन वाचकावर आहे. दूरदेशीची, गंभीर, गोड, अल्पायुषी मुलगी असे ते चित्र आहे. त्यात फुले पुष्कळ आणि धूर कमी.

काशीबाई कानिटकरांचे १८८९ चे मराठी चरित्र मात्र आजही ताजे वाटते. काशीबाई स्वतः लग्नानंतर, पतीच्या आवडीखातर, घरच्यांच्या नजरा चुकवीत शिकलेल्या. नवऱ्याच्या हौसेने मिळणारे शिक्षण म्हणजे काय, त्यातला आनंद कोणता आणि जाच कोणता, हे त्यांना कोणा पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. म्हणून गोपाळरावांचे मोठेपण मान्य करतानाही त्या त्यांना सोडत नाहीत. पत्रांतील उतारे देऊन त्या वाचकाला निकाल देऊ देतात. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले चरित्र मराठीत त्या वेळी नवलाचेच होते आणि त्यात एवढी निर्भीड तुला! ज्यांनी केवळ 'आनंदी गोपाळ' वाचली असेल त्यांनी त्यानंतर हे चरित्र मिळवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे. क्रम मात्र असाच ठेवावा. कादंबरी आधी वाचली म्हणजे चरित्रात कोण बोलते आहे हे अधिक जाणवते.

अलीकडच्या काळातील दोन ग्रंथांनी हे काम पुढे नेले. अंजली कीर्तने यांचा 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' १९९७ साली आला. कागदपत्रांचा एवढा कसून शोध मराठी चरित्रवाङ्मयात क्वचितच घेतला गेला असेल. मीरा कोसंबी यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, प्रसिद्ध झाला. त्याचे नावच 'खंडित स्त्रीवाद' अशा अर्थाचे आहे. भाषणात एक आणि पत्रात दुसरे बोलणारी ही स्त्री कोसंबींनी जुळवून एकसंध करण्याचा खटाटोप केला नाही, हे आम्हांस त्या ग्रंथातील सर्वांत मोलाचे वाटते. हे दोन्ही ग्रंथ अभ्यासकांसाठी उत्तम. मात्र साध्या वाचकाच्या हाती ते सहजी पडत नाहीत. त्याच्या मनातील आनंदीबाई अद्याप कादंबरीतील आणि पडद्यावरील आहेत.

गोपाळरावांना मात्र आम्ही येथे अन्याय करू इच्छित नाही. त्यांच्या हट्टावाचून ही कथाच घडली नसती. पण १८८५ साली ते स्वतः अमेरिकेत येऊन पोहोचल्यावर काय झाले, हे कथेतील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. भाषणांतून त्यांनी अमेरिकन समाजावर आणि ख्रिस्ती धर्मावर तोंडसुख घेतले. त्यांचे काही प्रहार बिनतोड होते, हे आपण ख्रिस्ती म्हणून मान्य करावयास हरकत नाही. परंतु ज्या माणसांच्या आधारावर त्यांची पत्नी शिकत होती त्या माणसांना तोंड देण्याचे काम तिच्यावर आले. शेवटच्या वर्षाचा अभ्यास, ढासळती तब्येत आणि त्यात हे. घरचे माणूस भेटीस आले की परदेशातील मुलाला आनंद होतो तसा एक संकोचही होतो. आपण येथे कसे बदललो हे आता त्याला कळणार आणि तो कसा आहे हे येथल्यांना कळणार. ११ मार्च १८८६ च्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेला. गोपाळराव मिशनऱ्यांवर आग पाखडणारे. कार्पेंटरबाई आणि बॉडलीबाई ख्रिस्ती. आणि मध्यभागी आपल्या शब्दाला जागून हिंदू राहिलेली, विशीतली नवी डॉक्टर. हे सारे एका सभागृहात! चित्रपटाने येथे टाळ्या वाजवल्या. एखाद्या मोठ्या कादंबरीकाराला येथे कादंबरी दिसली असती.

शेवटी एका विस्मृत नावाचा उल्लेख करतो, कारण या त्रैमासिकाने तो न करावा तर कोणी करावा? आनंदीबाईंनंतर सहा वर्षांनी, १८९२ साली, त्याच महाविद्यालयातून डॉ. गुरुबाई करमरकर पदवीधर झाल्या. त्या ख्रिस्ती होत्या. पती सुमंतराव त्याच सुमारास अमेरिकेत धर्मशास्त्राचे शिक्षण घेत होते. त्याच शहरातील थंडी, त्याच प्रयोगशाळा, तीच परकी भाषा. गुरुबाई जगल्या. १८९३ मध्ये परत येऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी २३ वर्षे रोगी तपासले, बाळंतिणी सोडवल्या, दुष्काळातील पोरक्या मुलींना जवळ केले. जे काम करण्यासाठी आनंदीबाई गेल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक होऊनही करू शकल्या नाहीत, ते काम गुरुबाईंनी केले. त्यांच्यावर कादंबरी नाही, नाटक नाही, चित्रपट नाही. तरुणपणी मेलेल्या विद्यार्थिनीची कथा आपल्याला हवीशी वाटते. परत येऊन दररोज सकाळी दवाखाना उघडणाऱ्या विद्यार्थिनीचे काय करावे, हे मराठी कादंबरीला अजून सुचलेले नाही. ज्या घरांत मिशनचे जुने अहवाल, पत्रे वा छायाचित्रे पडून असतील त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. गुरुबाईंचे नाव कदाचित त्यांत सापडेल.